लेकीची शपथ घातली, तरी सिगारेट सुटेना

प्रश्न : ताई, माझं वय ३३, यजमान ३७ वर्षांचे. इंजिनीअरिंगला असल्यापासून ते सिगारेट ओढतात, दिवसाला दहा-बारा. घरात ओढत नाहीत, गॅलरीत जातात आणि दार लावून घेतात. आमची मुलगी चार वर्षांची आहे. दीड वर्षाची असल्यापासून तिला बाळदमा आहे. पावसाळा लागला की रात्री-अपरात्री नेब्युलायझर लावावा लागतो. गेल्या गणपतीत मी यांना तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. अठरा दिवस पाळली. मग धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात लायटर सापडला. त्याच आठवड्यात मुलीला ॲडमिट करावं लागलं आणि हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये सगळ्यांसमोर मी त्यांना म्हणाले, 'तुम्ही शपथ मोडलीत, म्हणून ही आजारी पडली.' तेव्हापासून ते माझ्याशी धड बोलत नाहीत आणि सिगारेटी वाढल्या आहेत. सासूबाई म्हणतात, 'बाहेर जाऊन ओढतो ना, मग झालं तर. दारूला तर शिवत नाही.' त्या स्वतः दोन्ही वेळा मिश्री लावतात. परवा नेब्युलायझर चालू असताना मुलगी मास्कमधून वाफ सोडत हसून म्हणाली, 'आई बघ, मी पण बाबांसारखा धूर काढते.' मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. काय करू, सांगा. — एक वाचक, पुणे

उत्तर : आधी त्या शपथेचं बोलू. शपथ मोडली म्हणून मूल आजारी पडत नाही. हे तुम्ही त्यांना आजच सांगा, मुलगी झोपल्यावर, समोर बसून. 'त्या दिवशी मी बोलले ते चुकलं,' एवढंच. धुरानं तिचा दमा बळावतो, ही गोष्ट खरी आहे आणि तीही बोलायची आहे, पण वेगळी. धूर श्वासनलिकेला सूज आणतो, शपथ आणत नाही. तुम्ही या दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्यात आणि त्या माणसाच्या मनात कायमचं बसलं की आपण आपल्या लेकीचे गुन्हेगार आहोत. असं ओझं घेऊन माणूस सिगारेट टाकत नाही, लपवून जास्त ओढतो. छातीच्या विकारांची डॉक्टर म्हणून तीस वर्षांत मी हे इतक्या घरांत पाहिलं आहे, की बायको नवऱ्याला मुलाची शपथ घालायला निघाली तर मी तिला थांबवते.

दहा-बारा सिगारेटी म्हणजे त्यांचा मेंदू दिवसभर निकोटिनच्या तालावर चालतो. झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, आणि साधारण दोन तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. मग चिडचिड, हात शिवशिवणं, कामात लक्ष न लागणं. पुढची सिगारेट ही चिडचिड शांत करते आणि माणसाला वाटतं, सिगारेटनं टेन्शन जातं. तिनंच आणलेलं टेन्शन ती घालवते. हे चक्र पंधरा-अठरा वर्षं फिरलेलं आहे. अठरा दिवस त्यांनी ते कुठल्याही औषधाशिवाय, मदतीशिवाय थांबवलं होतं. तुम्हाला ते अपयश दिसलं. मला त्यात मोठी आशा दिसते, कारण सोडल्यावरचे सगळ्यात वाईट दिवस पहिले दोन-तीन असतात आणि ते त्यांनी एकदा पार केले आहेत.

आता गॅलरी. सासूबाईंचं म्हणणं बहुतेक घरांत ऐकू येतं, आणि त्यांना ते मनापासून खरं वाटतं. पण दाराच्या फटीतून धूर आत येतो, कपड्यांना आणि केसांना चिकटून येतो, आणि ओढून आलेल्या माणसाच्या पुढच्या काही श्वासांतूनही बाहेर पडतो. बाहेरच ओढणाऱ्या आईबापांच्या मुलांची लघवी तपासली, तरी निकोटिनची खूण न ओढणाऱ्यांच्या मुलांपेक्षा जास्त सापडते. चार वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिका मुळात अरुंद, आणि वजनाच्या मानानं ती तुमच्याआमच्यापेक्षा जास्त हवा आत घेते. बाबा गॅलरीतून आत आले की ती धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडत असेल, नाक थेट शर्टात. सुटेपर्यंत निदान एवढं करा : ओढायचं ते सोसायटीच्या गेटबाहेर, आणि वर आल्यावर हात-तोंड धुऊन, शर्ट बदलूनच तिला उचलायचं. हा घराचा नियम. यात भांडण नाही आणि सवलतही नाही.

तिचा दमा फक्त सिगारेटमुळे झाला, असं मात्र मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. भिंतीची ओल, डासांची कॉइल, देवघरातली उदबत्ती, आनुवंशिकता, सर्दीचे विषाणू, सगळं त्यात असतं. बाबांनी सिगारेट सोडली की औषध बंद, असा हिशेबही मनात ठेवू नका. डॉक्टरांनी रोज घ्यायचा पंप दिला असेल तर तो त्यांना विचारल्याशिवाय थांबवायचा नाही.

आणि तुम्ही स्वतः. पत्रात तुमच्या प्रकृतीबद्दल एक ओळ नाही. जपानमध्ये ताकेशी हिरायामा नावाच्या संशोधकांनी स्वतः कधी न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित बायकांची माहिती १४ वर्षं ठेवली आणि १९८१ साली मांडली. ज्यांचे नवरे खूप ओढत, त्या बायकांत फुप्फुसाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जास्त होते. आपल्याकडे २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ३८.७ टक्के प्रौढांनी सांगितलं की घरात त्यांच्या नाकात दुसऱ्याचा धूर जातो. या टक्क्यांत तुम्ही आहात.

माझ्या घरची गोष्ट सांगते, म्हणजे मी शपथेच्या विरुद्ध का बोलते ते कळेल. मी सिन्नरची. आई घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात ओलसर तेंदूपानं आणि जर्दा. पानावर पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं, तोंड दुमडायचं. तिच्या बोटांची टोकं कायम तपकिरी असत आणि भाकरीलाही जर्द्याचा वास यायचा. माल द्यायला गेलं की ज्या विड्या पसंत पडत नसत त्या 'छाट' म्हणून बाजूला निघत. त्यातल्या काही ती पदरात बांधून घरी आणायची आणि अण्णा त्या ओढायचे. आमच्याकडे विडी विकत आणावी लागली नाही. माझ्या शिक्षणाचे पैसे त्याच सुपातून आले, हे मी विसरलेले नाही. आणि रात्री दोन वाजता अण्णांच्या खोकल्यानं आम्ही तिघी बहिणी जाग्या व्हायचो, हेही विसरलेले नाही.

आजीनं अण्णांना आमच्या शपथा घातल्या होत्या, दोनदा. दोन्ही मोडल्या. मग एका ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी सिन्नरला मुक्कामाला आली, आणि अण्णा कुणाला न विचारता दिंडीबरोबर चालू लागले. पंढरपुरात त्यांनी माळ घातली आणि विडी टाकली. श्रावणात एका संध्याकाळी आई परसात गेली तर अण्णा गोठ्याच्या भिंतीआड विडी ओढत होते. गळ्यात माळ. मी आईच्या मागंच होते. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. आई म्हणाली, 'चहा ठेवते, या.' बस्स. अण्णांनी विडी भिंतीला चोळून विझवली आणि आत आले. त्या वर्षी ते आणखी दोनदा घसरले असावेत. दिवाळीनंतर मी त्यांच्या हातात विडी पाहिली नाही. पुढं बावीस वर्षं जगले, थोडी धाप घेऊन का होईना.

माळ त्यांनी स्वतः घातली होती. तुम्ही घातली ती शपथ तुमची होती. एवढाच फरक, पण सगळं त्यात आहे. आता तुम्ही त्यांना विचारायचं, 'तुम्हाला सोडायची आहे का? आणि कधी?' आणि गप्प बसायचं. उत्तर लगेच येणार नाही. आठवडाभर आलं नाही तरी पुन्हा विचारू नका. सोडावीशी वाटत नाही असा ओढणारा मला क्वचितच भेटला आहे. त्यांची इच्छा तुमच्या रागाखाली दबली आहे.

त्यांनी तारीख सांगितली की तुम्ही दोघं कामाला लागा. तारीख दोन-तीन आठवड्यांच्या आतली असू दे, ऑफिसची डेडलाइन किंवा घरातलं लग्नकार्य त्या आठवड्यात नको. त्याआधी डॉक्टरांकडे जा. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर गुलामी खोल आहे असं आम्ही धरतो, आणि नुसत्या निर्धारावर सोडत नाही. निकोटिनचं च्युइंगम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळतं. बहुतेक लोक ते साध्या च्युइंगमसारखं चघळत बसतात, मग उचकी लागते, जळजळ होते आणि 'हे आपल्याला सूट होत नाही' म्हणून टाकून देतात. दहा-पंधरा वेळा हळू चावायचं, जिभेला चुरचुर लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा चावायचं. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्याही आहेत, त्या कुणाला चालतात ते तपासूनच ठरतं.

चहाचं एक फार थोड्यांना माहीत असतं. ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफीन लवकर निघून जातं. सिगारेट थांबली की तोच चार कप चहा अंगावर जास्त चढतो : छातीत धडधड, रात्री डोळ्याला डोळा नाही. माणसाला वाटतं, सिगारेट सोडल्याचा त्रास होतोय. चहा निम्म्यावर आणा. आणि सकाळचा पहिला चहा जिथं बसून घेतात ती जागा बदला, कारण चहाचा कप हातात आला की दुसरा हात आपोआप खिशाकडे जातो.

सिगारेटच्या पाकिटावर एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. हा सरकारी मोफत फोन आहे, मराठीतही बोलता येतं, आणि ते लोक पुढच्या आठवड्यांत स्वतः फोन करून विचारपूस करतात. पुष्कळ पुरुषांना बायकोसमोर जे बोलता येत नाही ते तिथं बोलता येतं.

तलफ आली की ती चार-पाच मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा असतो. माझा एक पेशंट, रिक्षाचालक, स्टँडवर तलफ आली की रिक्षाची काच पुसायचा. त्या महिन्यात सबंध स्टँडवर त्याची रिक्षा सगळ्यात लख्ख होती. लवंग, बडीशेप, भाजलेला ओवा, काहीही तोंडात चालेल. तंबाखू-चुना नाही, गुटखा नाही. आणि ई-सिगारेट तर २०१९ पासून देशात बंदच आहे.

सासूबाईंना दोष देऊ नका, पण त्यांना हे सांगा, शक्यतो मुलानंच सांगू दे : मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं, तोंडाच्या कर्करोगाचा धोका तिच्यातही आहे. मिश्रीशिवाय त्यांना सकाळी सुधरत नसेल, तर मुलाची तलफ काय चीज आहे हे घरात त्यांच्याइतकं कुणालाच कळणार नाही. 'आई, मी सोडतोय, तू पण माझ्याबरोबर सोड,' असं मुलानं म्हटलं तर मायलेक एका बाजूला येतील. तुम्ही एकट्या पडणार नाही.

ते घसरले तर, आणि पहिल्या खेपेला बरेच जण घसरतात, लायटर सापडल्यावर काय करायचं हे आत्ताच ठरवून ठेवा. माझ्या आईनं चहा ठेवला होता. तुम्ही काय म्हणाल, ते मला पुढच्या पत्रात कळवा.

प्रश्न : मॅडम, मी एसटीत ड्रायव्हर होतो. वय ६२. एकेचाळीस वर्षं विडी ओढतो, दिवसाला एक बंडल. सून म्हणते, नातवाजवळ बसू नका, वास येतो. राग येतो. पोराबाळांचं सगळं करून झालं, आता सोडून काय उपयोग? सकाळी विडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही. आणि आमच्या गावात एकानं तीस वर्षांची विडी सोडली, सहा महिन्यांत गेला. विडी सिगारेटपेक्षा हलकी, कागद नाही, पानाची असते, असंही म्हणतात. — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : दादा, विडी हलकी नाही. विडीत तंबाखू कमी असते हे खरं, पण तेंदूपान नीट जळत नाही, विडी सारखी विझते, म्हणून ती जिवंत ठेवायला झुरके जास्त आणि जोरात मारावे लागतात. निकोटिन आणि डांबर सिगारेटपेक्षा कमी जात नाही. विड्यांच्या घरात वाढलेली बाई तुम्हाला हे सांगते आहे.

तुमच्या गावातल्या माणसाचं. विडी सोडली म्हणून तो गेला नाही. बहुतेकदा माणूस तीस वर्षांची विडी सोडतो तेव्हा आतलं काहीतरी बिघडलेलं असतं : थुंकीतून रक्त, वजन उतरणं, छातीत दुखणं. दुखणं आधी आलेलं असतं, विडी त्यानंतर सुटते, आणि गाव उलटा क्रम लक्षात ठेवतं. म्हणून धडधाकट असतानाच सोडायची.

उपयोग काय, तेही सांगते. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून तिथल्या डॉक्टरांच्या सवयींची नोंद ठेवली. पन्नास वर्षांचा हिशेब २००४ साली छापून आला. तिशीला सोडणाऱ्यांना साधारण १० वर्षं परत मिळाली, चाळिशीला ९, पन्नाशीला ६ आणि साठीला ३. डॉल स्वतःही आधी ओढत असत. स्वतःचेच आकडे समोर आल्यावर त्यांनी सोडली आणि ९२ वर्षं जगले. तुम्ही साठीच्या घरात आहात. तीन वर्षांत नातू शाळेत जाऊ लागेल, त्याला फाटकापर्यंत सोडायला दम पाहिजे.

पोटाची तक्रार खोटी नाही. निकोटिन आतडी हलवतं, विडी थांबली की काही आठवडे बद्धकोष्ठ होतं. रात्री इसबगोल, सकाळी उठल्या उठल्या दोन तांबे कोमट पाणी, आणि अर्धा तास चाला. आतडी पूर्ववत होतात. पहिल्या काही आठवड्यांत खोकला आणि बेडका वाढला तर घाबरू नका, श्वासनलिका स्वतःला झाडून काढते आहे. पण थुंकीत रक्त दिसलं, किंवा चालताना पोटरी दुखून थांबावं लागत असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठा. फुप्फुसाची फुंकर मारून करायची तपासणी एकदा करून घ्या.

सुनेचा राग धरू नका. तिला वास येतो तो सदऱ्याला चिकटलेल्या धुराचा, आणि तोच बाळाच्या नाकात जातो. ती आईपण करते आहे. तुम्ही इतकी वर्षं पन्नास माणसांचा जीव स्टिअरिंगवर सांभाळलात. नातू एकच आहे.

प्रश्न : मी दहावीत आहे. बाबा रोज संध्याकाळी मला टपरीवर सिगारेट आणायला पाठवतात. नाही म्हटलं तर चिडतात. परवा क्लासच्या सरांनी मला टपरीवर पाहिलं आणि वर्गात सगळ्यांसमोर बोलले. मी ओढत नाही. मला बाबा आवडतात तेवढं दुसरं कोणी आवडत नाही, पण हे त्यांना कसं सांगू? — एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : बाळा, तू काही चूक केलेली नाहीस. अठरा वर्षांखालच्या मुलाला सिगारेट विकणं २००३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, टपरीवाल्यानं तुला पाकीट द्यायलाच नको होतं. सरांना एकटा गाठून खरं सांग. बाबांना तोंडानं सांगायची हिंमत होत नसेल तर सांगू नकोस. हा अंक या पानावर उघडून त्यांच्या उशाशी ठेव. पुढचं मी त्यांच्याशी बोलते.

भाऊ, तुमच्या मुलानं मला पत्र लिहिलं, तुमची तक्रार करायला नाही. पत्रात त्याचं तुमच्यावरचं प्रेम आधी दिसतं. आज संध्याकाळी त्याला टपरीवर पाठवू नका. तुम्हाला ओढायचीच असेल तर स्वतः जा. आणि गेलात तर पाकीट उलटं करून त्यावरचा फोन नंबर बघा, रस्त्याच्या कडेला उभं राहून लावला तरी चालतो.